रागनाची दुलई

रागनाचा खोकला मी हजारांत ओळखला असता. दोन कोरडे ठसके, मग कुणाची तरी वाट बघावी तेवढा थांबा, मग तिसरा, बारीक, माफी मागितल्यासारखा. तिला पुरून चौदा महिने झाले होते. जानेवारीतल्या एका सकाळी फेरीबोटीच्या कॅन्टीनमध्ये मी तव्यावरची जाड गोड धिरडी उलटत होते आणि तो खोकला मला माझ्या मागे ऐकू आला. मी गर्रकन वळले. मागे फक्त कॉफीचं यंत्र होतं. खोकले होते मीच.

काउंटरपलीकडे ईवर उभा होता. मासळीची लॉरी घेऊन तो रोज सकाळच्या फेरीला असतो. त्याने तोंडाशी नेलेला कप तसाच धरून ठेवला.

"काय गं सिग्रुन," तो म्हणाला, "क्षणभर वाटलं, बहीणच आली तुझी."

मग त्यालाच कसंतरी झालं. धिरड्यावर चीज न घालताच तो डेकवर निघून गेला, तेही उणे सात असताना.

मी त्या दिवशी घाबरले नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. हे मी पुढे कितीतरी दिवस कुणालाच सांगितलं नाही.

आम्ही दोघीच बहिणी. रागना माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिने हालवार्डशी लग्न केलं आणि ती खाडीपलीकडे बंदराच्या गावात गेली. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मी बेटावर आई-वडिलांच्या घरात राहिले. फेरीवरची नोकरी होती आणि बदकं होती.

बदकं म्हणजे एडर. रानटीच असतात, समुद्रावर राहतात. पण वसंतात अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, आणि आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या लोक त्यांच्यासाठी फळ्यांची छोटी घरं बांधतात, वाळवलेलं समुद्री गवत आत अंथरतात. ती बसली की महिनाभर बेटावर कुणी मोठ्याने बोलत नाही. मादी स्वतःच्या छातीची लव उपटून अंड्यांभोवती रचते. पिल्लं समुद्रावर गेली की मागे राहिलेली ती लव आम्ही गोळा करतो. एका घरट्यातून मूठभर निघते. मग हिवाळाभर तारा ताणलेल्या लाकडी चौकटीवर ती झाडायची. काड्या, कवचं, विष्ठा, धूळ सगळं खाली पडतं, लव तेवढी तारांना धरून राहते. आई हे काम करताना नाकाला रुमाल बांधायची. आम्ही तिला दरोडेखोर म्हणायचो. खिडक्या उघडता यायच्या नाहीत, कारण जराशा वाऱ्याने सगळं स्वयंपाकघरभर उडायचं.

रागनाच्या पन्नाशीला मी तिला दुलई शिवली. पाच वसंतांची लव लागली तिला, सत्तरेक घरट्यांची. तिने ती उचलली आणि तिचे हात वरच गेले, इतकी हलकी.

"वेडी आहेस का गं?" ती म्हणाली. "ही अंगावर घ्यायची की काचेच्या कपाटात ठेवायची?"

"घे अंगावर. नाहीतर परत दे."

"आणि मी?" हालवार्ड म्हणाला. "मी मरेपर्यंत दुकानातली नकली धाग्यांची दुलईच घ्यायची का?"

"तू आधी सत्तेचाळीस वर्षं माझी बहीण होऊन दाखव," मी म्हटलं.

आमच्याकडे नवराबायको एका पलंगावर झोपले तरी दुलया दोन असतात. तो आपल्या दुलईत, ती आपल्या.

चौथ्या वर्षी तिला खोकला लागला. आधी सर्दी म्हणाले, मग दमा. मग चर्चच्या चढावर तिला दोनदा थांबावं लागायला लागलं. शहरातल्या इस्पितळात फुप्फुसांचे फोटो काढले आणि आत वण पडलेत असं सांगितलं. कशाने पडले ते सांगता येत नाही म्हणाले. घरात पक्षी पाळता का, असंही तिला विचारलं होतं. ती नाही म्हणाली. खरंच तर होतं, तिच्या घरात साधा पोपटही नव्हता. बदकं रानातली, तीही खाडीपलीकडची.

एका मार्चमध्ये हालवार्डने तिला दोन आठवडे कॅनरी बेटांवर नेलं. दुसऱ्या आठवड्यात ती समुद्रात पोहत होती. मला फोन करून हसत होती, एका दमात लांबलचक वाक्यं बोलत होती. परत आली आणि आठ दिवसांत जिन्यावर बसून राहायला लागली. आम्ही म्हटलं, तिला ऊन मानवतं. नंतर इस्पितळात अकरा दिवस काढले, तेव्हाही बरी झाली. घरी आली की पुन्हा तेच.

"घराला मी नकोशी झालेय, सिग्रुन," ती मला एकदा म्हणाली. खुर्चीत बसली होती, नखं निळसर दिसत होती. "रोज सकाळी उठते तर छातीवर कुणीतरी बसून गेल्यासारखं वाटतं. मी कुणाचं काय वाईट केलंय?"

हालवार्डने ते मनावर घेतलं. बुरशी असेल म्हणून त्याने झोपायच्या खोलीचा कागद खरवडला, फळ्या काढल्या, जमीन उखडून खालची माती कोरडी आहे की नाही ते हाताने चाचपलं. कोरडीच होती. त्या दोन महिन्यांत ती बैठकीच्या खोलीत झोपायची. दुलई घेऊन.

शेवटी तिला गावातल्या शुश्रूषागृहात ठेवलं. तिथे आठवडाभरात तिच्या गालांवर थोडा रंग आला होता. मी भेटायला गेले तर म्हणाली, "इथल्या दुलया म्हणजे ओला पुठ्ठा. मला थंडी वाजते." मी त्याच दुपारी तिच्या घरी जाऊन तिची दुलई आणली आणि माझ्या हाताने तिच्या अंगावर घातली, हनुवटीपर्यंत. तिने डोळे मिटले. "आता घरी आले," म्हणाली.

त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली.

पुरल्यावर आठवड्याने हालवार्ड बोटीने आला आणि दुलई माझ्या स्वयंपाकघराच्या बाकावर ठेवून म्हणाला, "तूच घे. मला बघवत नाही." तिला रागनाच्या केसांचा वास होता. मी तिच्यातच झोपायला लागले. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी नाक तिच्यात खुपसायचे आणि रागनाशी बोलायचे. फेरीवर कोण भांडलं, छपराचा कुठला पत्रा वाजतो, असंच काहीबाही.

दुसऱ्या हिवाळ्यात मला संध्याकाळी कणकण यायला लागली. वजन उतरलं. आणि मग तो खोकला. मी आरशात पाहिलं तर गालफडंही तिचीच दिसायला लागली होती. मला मनोमन वाटायचं, ही रागनाच आहे. ती मला बोलावतेय, किंवा एकटी राहवत नाही म्हणून माझ्यातच येऊन राहिलीय. दोन्हीपैकी कशालाच माझी ना नव्हती. खोकल्याचं औषधसुद्धा घेतलं नाही. घेतलं आणि ती गेली तर?

ईवरने कप्तानाला सांगितलं असावं. कप्तान कॅन्टीनमध्ये आला, माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि म्हणाला, "डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय माझ्या बोटीवर पाय ठेवायचा नाही. तुझ्या बहिणीच्या वेळी सगळे नुसते बघत बसलो आम्ही."

शहरात मला तपासणारी डॉक्टर तरुण होती, सुन्निवा नावाची. फोटो, फुंकर मारायच्या नळ्या, सगळं झाल्यावर तिने कागद बाजूला सारले आणि छातीबद्दल काहीच न विचारता घराबद्दल विचारायला लागली. भिंतींना ओल आहे का? गोठा? चारा? पाण्याची वाफ सोडणारं यंत्र? मी नाही, नाही म्हणत गेले.

"पलंगावर काय आहे?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. सत्तर घरटी, पाच वसंत, माझ्या हातचे टाके. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की तिचं पेन थांबलंय.

"कधीपासून घेताय ती?"

"गेल्या नोव्हेंबरच्या आधीच्या नोव्हेंबरपासून."

"त्याआधी कुणाकडे होती?"

खिडकीबाहेर बर्फ सारणारी गाडी मागे येत होती, तिची शिट्टी वाजत होती. ती थांबेपर्यंत मी ऐकत राहिले. मग म्हटलं, "बहिणीकडे."

सुन्निवाने मला सावकाश समजावलं. पिसांतली, लवेतली बारीक धूळ काही थोड्या लोकांच्या फुप्फुसांना वैऱ्यासारखी वाटते. फुप्फुसं सुजतात. धूळ थांबली की सूज उतरते. वर्षानुवर्षं थांबली नाही, तर सुजेचे वण होतात आणि वण जात नाहीत. रक्त तपासून खात्री करू म्हणाली. "पण दुलई आजच काढा. तुमचं लवकर लक्षात आलंय."

"आणि रागनाचं?"

"तुमच्या बहिणीला मी तपासलेलं नाही. मला ते सांगता येणार नाही."

"परगावी गेली की बरी व्हायची," मी म्हटलं. "इस्पितळात बरी व्हायची. शुश्रूषागृहात पण बरी होत होती."

तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. त्यावरूनच मला कळलं.

घरी येऊन मी नाकाला रुमाल बांधला, दुलई एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत भरली, तोंडं चिकटपट्टीने बंद केली आणि बोटघरात तुळईवर ठेवून आले. गोळ्या सुरू झाल्या. रक्ताचा निकाल आला, सुन्निवा म्हणाली तसाच. तीन आठवड्यांत मी जिना न थांबता चढले. वर पोचले आणि पायरीवर बसून रडले, कारण श्वास पुरत होता. खोकला थांबला होता. घरात इतकी शांतता मला आईच्या मरणानंतरही जाणवली नव्हती. रागना दोनदा गेली असं झालं ते. या खेपेला मीच तिला हाकललं होतं.

गप्प राहता आलं असतं तर मी गप्प राहिले असते. पण उरलेल्या लवेतून मी पाळण्यातली एक छोटी दुलई केली होती. ती एम्ब्लाकडे होती. एम्ब्ला म्हणजे रागनाची मुलगी, नवऱ्याबरोबर दूर ट्रॉन्हेम शहरात राहते. तिचा ब्रागे आता दोन वर्षांचा. त्या दुलईची किनार रागनाने आजारपणात, खुर्चीत बसून शिवली होती.

मी फोन केला आणि धडधडीत खोटं बोलले. "अगं, ब्रागेची दुलई पाठवून दे. धुऊन, लव झाडून परत देते."

"नको मावशी, त्यावर आईचे टाके आहेत. पोस्टात हरवली तर? आणि ती नसेल तर हा झोपतच नाही. आधीच चार दिवस खोकतोय."

"खोकतोय?"

"पाळणाघरात सगळीच पोरं खोकतायत गं. मावशी? ऐकतेयस ना?"

मग मी सगळं सांगितलं. सुन्निवाने सांगितलं तसं, त्याच क्रमाने. पलीकडे ब्रागे कशावर तरी चमचा बडवत होता. मग तो आवाज लांब गेला, दार लागल्याचं ऐकू आलं.

"बाबांनी भिंती फोडल्या होत्या," एम्ब्ला म्हणाली.

"हो."

"आणि शुश्रूषागृहात ती आईजवळ कुणी नेली?"

"मी."

तिने फोन ठेवला. दोन दिवसांनी संदेश आला. ब्रागेला तपासलं, काही नाही, साधी सर्दी, दुलई घरातून काढली. खाली नाव नव्हतं, मायना नव्हता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हालवार्डची बोट धक्क्याला लागली. तो आत आला, पण टोपी काढली नाही की बसला नाही.

"मला पोरीकडून कळावं?"

"तुझ्याकडे येणारच होते मी."

"कधी? महिना झाला तुला कळून!" त्याचा आवाज फुटला. "मी जमीन उखडली, सिग्रुन. गुडघ्यांवर बसून माती हुंगली. आणि ती बाहेर सोफ्यावर हनुवटीपर्यंत ओढून घेऊन बसलेली असायची. मीच ओढून द्यायचो. नीट घे म्हणायचो, गार लागेल."

मी ती शिवली होती, त्याने ती तिला पांघरली होती. आम्ही दोघं त्या स्वयंपाकघरात उभे होतो आणि मधे कुणीतरी तिसरं बसलंय असं मला सारखं वाटत होतं.

"कुठाय ती?" तो म्हणाला.

"बोटघरात."

"मला दे."

"कशाला? जाळून टाक म्हणालीय डॉक्टर."

"मग तू का नाही जाळलीस?"

दोनदा मी काड्यापेटी घेऊन बोटघरापर्यंत गेले होते.

"तूच म्हणाला होतास, बघवत नाही म्हणून."

"तेव्हा ती नुसती रागनाची होती," हालवार्ड म्हणाला. "आता तिला काय घेऊन गेलं ते मला माहीत आहे. ते माझ्या डोळ्यांसमोर पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या अंगावर जायला नको."

"हालवार्ड, तुला काही झालं तर?"

"आठ वर्षं तिच्या शेजारी झोपलो. मला साधी शिंक आली नाही." हे त्याने असं सांगितलं जणू तो गुन्हा होता.

तो पिशवी बोटीत घालून घेऊन गेला. पुढच्या बाकावर ठेवली होती, एखादं माणूस बसवावं तशी.

एप्रिलमध्ये बदकांची घरं दुरुस्त करायची वेळ आली. लवेच्या जवळपासही जायचं नाही असं सुन्निवाने बजावलं होतं. मी मनाशी म्हटलं, या वर्षी नाही जमायचं. पण एका सकाळी खिडकीतून पाहते तर हालवार्ड किनाऱ्यावर वाकून फळ्या ठोकत होता, गवत अंथरत होता. जन्मभर तो आम्हाला बदकांच्या मोलकरणी म्हणत आला होता. चार दिवस आला. घरात आला नाही. मी पायरीवर थर्मासमध्ये कॉफी ठेवायचे, रिकामा थर्मास परत तिथेच असायचा. बदकं आली, बसली, पिल्लं घेऊन गेली. लव कुणी गोळा केली नाही. जूनच्या वाऱ्यावर ती घरट्यांतून निघून झुडपांना, कुंपणाच्या तारांना अडकली, आणि मी सगळ्या खिडक्या लावून आत बसले.

डॉक्टरची चिठ्ठी घेऊन मी कामावर परतले होते; फेरीवर मात्र हालवार्ड भेटायचा. एकदा कॅन्टीनमध्ये आम्ही दोघंच होतो. मी विचारलंच, "घेतोस का ती अंगावर?"

"नाही. पिशवीतच आहे. पलंगावर, तिच्या बाजूला."

"उघडलीस?"

"नाही म्हटलं ना." त्याने कपात पाहिलं. "सकाळी ऐकू येते. खोकते. मी डोळे उघडले की थांबते. म्हणून मी आताशा लवकर डोळे उघडत नाही."

मी त्याला फुप्फुसं तपासून घ्यायला लावली. स्वच्छ निघाली. निकालाचा कागद त्याने मला दाखवला तेव्हा तो निराश झाल्यासारखा दिसला. मला समजलं. न समजायला काय झालं?

जूनअखेर, काही न कळवता, एम्ब्ला आली. हालवार्डच्या बोटीतून उतरली, कडेवर ब्रागे. चार महिन्यांत आमचं बोलणं नव्हतं. पोराला तिने आजोबांकडे दिलं आणि ते दोघं शिंपले वेचायला किनाऱ्याने निघाले. ती पायरीपाशी येऊन थांबली.

"घरात आहे काही?" तिने विचारलं.

"नाही. उशासुद्धा टाकल्या. कपाटं धुतली. पडदे बदलले."

"मी बघू?"

"बघ."

ती आत गेली. मी शेगडीजवळ भांडी पुसत उभी राहिले. डोक्यावरच्या फळ्यांवर तिची पावलं वाजत होती, तिच्या आईसारखीच जड टाचांची. एकेक कपाट उघडल्याचा, गाद्या उलटल्याचा आवाज आला. तिने माझ्या आईची खोली पाहिली, माझी पाहिली, माळ्याची शिडीही ओढली. घाई नव्हती तिला. मधूनच काही ऐकू यायचं नाही, आणि तेव्हा माझेही हात थांबायचे. एकदा वाटलं की ती रडतेय. वर जावं की नाही ते मला ठरवता आलं नाही, आणि मी गेले नाही.

अर्ध्या तासाने ती खाली आली. बाह्यांना माळ्यावरचं कोळिष्टक लागलं होतं. ते तिने झटकलं, आधी एका बाहीचं, मग दुसरीचं. बाकावर बसली.

"काही नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तुझं कसं आहे आता?"

"जिना चढते. चर्चचा चढ एकदा थांबून."

तिने मान हलवली. खिडकीतून तिने बाहेर पाहिलं. तिथे हालवार्ड वाकून पोराला काहीतरी दाखवत होता आणि पोरगं ते तोंडात घालू बघत होतं.

"मी अजून रागावलेली आहे, मावशी."

"माहीत आहे."

"ते किती दिवस चालेल ते मला माहीत नाही."

"असू दे."

मी धिरड्याचं पीठ भिजवायला घेतलं. ती उठली, फडताळातून तीन बशा काढल्या, मग परत वळून चौथी काढली, ब्रागेसाठी छोटी, आणि टेबलावर मांडायला लागली.